फॅकल्टी डेव्हलपमेंट वर्गात की लॅपटॉपसमोर?

वैनगंगाकाठ:
नॅक, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन, जवळ आलं की ग्रामीण विदर्भातल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या मागे एकच लकडा लागतो: पेपर छापा, एफडीपीची (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम, प्राध्यापकांचं प्रशिक्षण) प्रमाणपत्रं जमवा. पण संलग्न पदवी महाविद्यालयांच्या आतापर्यंतच्या नॅक आराखड्यात १००० पैकी ३५० गुण अध्यापन-मूल्यमापनाला होते, संशोधन-विस्ताराला ११०. कॅमेरा बंद करून ऑनलाइन कोर्स ऐकण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा सहकाऱ्याच्या तासाला मागच्या बाकावर बसा. तीनच नोंदी करा: प्रश्न किती विचारले, उत्तरं कोणी दिली, तास संपताना फळ्यावर काय होतं. शेवटची पाच मिनिटं ‘आज काय समजलं नाही’ हे मुलांकडून कागदावर लिहून घ्या, नाव न घालता. घरी गोंडी किंवा माडिया बोलणारं, चारचौघांत विचारायला कचरणारं पोरगं तिथे लिहितं.

पांढरकवडा:
सर, ३५० ची गोष्ट अर्धीच सांगितली. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण, भरलेली पदं, पीएच.डी.धारक, निकाल, सगळं त्यातच येतं. मागच्या बाकावर बसून रिक्त पद भरत नाही. आणि प्रमाणपत्रांना नावं ठेवू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ ला जायला २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स लागतो. तो राहिला की कॅसची, म्हणजे बढतीची, फाइल अडकते. शिवाय निरीक्षक विभागप्रमुख असला की त्या दिवशी हमखास ‘आदर्श पाठ’ होतो.

वैनगंगाकाठ:
आदर्श पाठाचं म्हणणं मान्य. म्हणूनच नोंदीचा कागद शिकवणाऱ्याकडेच राहावा, गोपनीय अहवालाला जोडू नये. जोडीही वेगळ्या विषयाची लावा. मग विषयाच्या चुका काढण्यापेक्षा मुलांकडे लक्ष जातं. २१ दिवस जरूर करा, पण त्यातलं वर्गात काय उतरलं हे बघणार कोण?

मेळघाटी:
तुम्ही दोघंही कायमस्वरूपी प्राध्यापकांपुरतंच बोलताय. विज्ञान शाखेचा मोठा भार कित्येक ठिकाणी सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, ओढतात. मानधन मिळतं ते फक्त घेतलेल्या तासाचं. दुसऱ्याच्या तासाला बसलं तर छदामही नाही. कोणी दोन महाविद्यालयं सांभाळतं, मधली एसटी चुकली की तास बुडतो. पुढच्या सत्रात नेमणुकीची शाश्वती नाही, तिथे प्रशिक्षण कोणत्या भरवशावर घ्यायचं? आधी निरीक्षणाचा तास मानधनात धरा.

पांढरकवडा:
शासन प्रत्यक्ष घेतलेल्या तासालाच पैसे देतं. वरचा पैसा संस्थेला काढावा लागेल, आणि अनुदानाच्या भरवशावर चालणारी संस्था तो कुठून काढणार?

मेळघाटी:
एक दिवसाच्या चर्चासत्राचं बॅनर, स्मृतिचिन्हं, जेवणावळ यातून. तेवढ्यात चार सीएचबीवाल्यांचे सत्रभराचे निरीक्षणाचे तास सहज भागतात.