सायबरपंक सुधारला म्हणे. माझ्या पीएस४ वर कधी?

म्हापशेकार:
परवा डिचोलीला मावसभावाकडे गेलो होतो. त्याच्या पीएस५ वर, म्हणजे सोनीच्या नव्या प्लेस्टेशनवर, सायबरपंक २०७७ हा गेम चालू होता. खोटं कशाला बोलू, बघतच राहिलो. पावसाने भिजलेला रस्ता, त्यात सांडलेले दिव्यांचे रंग, गाड्या आपापल्या वाटेने चाललेल्या. भाऊ म्हणाला, "बघ, उगाच शिव्या घालायचास." घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत होतं, म्हणून हा धागा.

फसलेला गेम दोन-तीन वर्षांनी नीट झाला की आपण टाळ्या पिटतो. "काय पुनरागमन केलं!" म्हणतो. माझा आक्षेप या टाळ्यांना आहे. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.

माझी म्हातारी अशी मेली. डिसेंबर २०२०. गणेश चवथीला काकांनी दिलेले पैसे आणि दोन महिन्यांची काटकसर घेऊन म्हापशातल्या एका दुकानातून या गेमचा डबा आणला. आत दोन डिस्क, गेममधल्या नाईट सिटी शहराचा नकाशा, पोस्टकार्डं, स्टिकर. एक स्टिकर अजून हेल्मेटवर आहे. इन्स्टॉल, मग पॅच म्हणजे नेटवरून उतरवायची दुरुस्ती, त्यात दोन रात्री गेल्या. आणि मग जे काही सुरू झालं! दुकानांच्या पाट्या आधी मेण वितळल्यासारख्या दिसायच्या, चार-पाच सेकंदांनी अक्षरं उमटायची. लांबून येणारी गाडी जवळ गेलं की गायब. एक माणूस हात आडवे करून शेतातल्या बुजगावण्यासारखा उभा, बाजूने लोक चाललेत. निर्मनुष्य गच्चीवर गोळी झाडली तरी पाठीमागे पोलीस उगवायचे, जिना न चढता. आणि तासाभरात एकदा तरी गेम बंद पडून निळा पडदा, त्यावर चुकीचा कोड: सीई-३४८७८-०. घरचा फोन नंबर आठवावा लागतो, हा आकडा लागत नाही.

दुकानदाराकडे गेलो. "उकतें केल्लें परत घेना रे." उघडलेलं परत घेत नाही म्हणे. संपला विषय.

आठवडाभरात सोनीने स्वतःच्या स्टोअरवरून गेम काढून टाकला, तो जून २०२१ पर्यंत परत आला नाही. आता ज्याचं एवढं कौतुक चाललंय ते २.० अपडेट सप्टेंबर २०२३ चं. ते पीएस४ ला आलंच नाही. नव्या मशीनना आणि पीसीला आलं. म्हणजे ज्याच्या पानात कच्चा भात वाढला त्याला तसाच उठवला, आणि दुसऱ्या पंगतीला गरम वाढून वाहवा घेतली.

फोंड्याचो:
पात्रांव, मी त्याच दुसऱ्या पंगतीतला. २०२३ च्या शेवटी स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये अर्ध्या किमतीत घेतला, दीडशे तास खेळलो, एकदा अडकला. तुझं दुःख कळतं, पण त्यासाठी मी चांगल्या गेमला वाईट का म्हणू?

दुसरं म्हणजे पीएस४ हे २०१३ चं मशीन. त्यावर २०२० चं अख्खं शहर धावेल असं तुला वाटलं कसं? कदंबच्या जुन्या बसमध्ये बसून वंदे भारतची चाल मागतोस तू. ट्रेलर बघून आपणच मनात गेम रचतो आणि खरा गेम आला की त्या मनातल्या गेमशी ताडून बघतो. २०१९ च्या ई३ या गेमच्या मेळाव्यात हॉलिवूडचा नट किआनू रीव्ह्ज या गेमसाठी स्टेजवर आला तेव्हा तूच मला रात्री एक वाजता फोन केला होतास. तो गेम तिथेच विकला गेला तुला, दीड वर्ष आधी.

म्हापशेकार:
फोन केला होता, कबूल. पण "वाटलं कसं" म्हणजे काय? गेम जाहीर झाला २०१२ ला. तेव्हा पीएस४ बाजारात यायचं होतं! डब्यावर पीएस४ लिहिलंय. त्या मशीनसाठी म्हणून पैसे घेतलेत.

आणि रिलीजआधी समीक्षकांना काय दिलं होतं? फक्त पीसीची आवृत्ती. वर स्वतःचं रेकॉर्डिंग दाखवायची बंदी, कंपनीने दिलेलीच दृश्यं वापरा. कन्सोलवर, म्हणजे पीएस४ सारख्या मशीनवर, गेम कसा चालतो हे बाहेरच्या कुणी पाहिलेलंच नव्हतं. नोव्हेंबरमध्ये गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टचे मोठे साहेब गुंतवणूकदारांना सांगत होते की जुन्या कन्सोलवरही आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो. आश्चर्य वाटलं, हे खरंच.

माझी अपेक्षा जास्त होती, मान्य. पण मासळी ताजी असल्याचं सांगून बर्फाखालची विकली तर "तुझी अपेक्षा जास्त होती" असं म्हापशाच्या बाजारात कुणी म्हणून दाखवावं.

पर्वरीची रात्रपाळी:
मी गेम बनवत नाही, पर्वरीत एका ऑफिसात अ‍ॅप टेस्ट करते. तरी हा प्रकार ओळखीचा आहे म्हणून लिहिते.

रिलीजच्या जाहीर झालेल्या तारखा बघा. १६ एप्रिल २०२०, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर, मग १० डिसेंबर. यातली शेवटची ढकलाढकल सगळ्यात बोलकी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीने जाहीर केलं की गेम "गोल्ड" झाला, म्हणजे डिस्क छापायला पाठवण्याजोगी प्रत तयार झाली. तीन आठवड्यांनी तारीख परत पुढे. म्हणजे म्हापशेकारदादा, तुमच्या डिस्कवर जे कोरलेलं आहे ते अपुरं आहे हे छापतानाच ठाऊक होतं. तुम्ही दोन रात्री उतरवलात तो खरा गेम.

आमच्याकडे रिलीजच्या दिवशी पेढे वाटतात. पेढा एका हातात आणि दुसऱ्या हाताने आम्ही माहीत असलेल्या दोषांची यादी मेलला जोडत असतो. त्या यादीत काय आहे हे टेस्टरला माहीत असतं, मॅनेजरला असतं, त्याच्या वरच्यालाही. फक्त तारीख आमच्यापैकी कुणाच्याच हातात नसते. नाताळ गेला की विक्री गेली, हे गणित वेगळ्याच मजल्यावर होतं. म्हणून "डेव्हलपर आळशी" असं कुणी लिहिलं की माझं डोकं फिरतं. ती माणसं तेव्हा सहा-सहा दिवस काम करत होती.

पण याचा अर्थ कंपनी निर्दोष असा नाही. उलट जास्त दोषी. चुकून झालेलं नव्हतं ते.

सांखळीचो मामा:
तुमचे हे चार-चार हजारांचे गेम राहू द्या. आमच्या वाड्यावर सगळ्यात मोठा अपेक्षाभंग फौजी या मोबाईल गेमचा. २०१९ साली आपल्या गोव्याच्या आयटी मंत्र्यांनी पबजीला घराघरातला राक्षस म्हटलं होतं, आठवतंय ना? मग २ सप्टेंबर २०२० ला केंद्रानेच पबजीवर बंदी घातली आणि दोन दिवसांत अक्षय कुमारने फौजीची घोषणा केली. नाव ऐकूनच पोरांना वाटलं, आपला पबजी आला. २६ जानेवारी २०२१ ला माझे तिन्ही भाचे सकाळी झेंडावंदनाला नाहीत, फोनला चिकटलेले. उघडून बघतात तर गलवान खोरं, एकट्याने चालत जायचं आणि समोरच्याला गुद्दे घालायचे. मित्रांबरोबर खेळायची सोय नाही, शंभर जणांत शेवटचा उरायची मजा नाही. दुपारी जेवायच्या आत तिघांनी काढून टाकला. प्ले स्टोअरवरचे तारे पण भराभर गळले.

आता यात फसवलं कुणी? बॅटल रोयाल, म्हणजे पबजीसारखा, आहे असं पहिल्या ट्रेलरमध्ये कुठे म्हटलं होतं? नाव तेवढं जुळवून ठेवलं आणि वेळ साधली. बाकीचं आपण मनानेच जोडलं. तेव्हा फोंड्याचो म्हणतो त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही.

फोंड्याचो:
धन्यवाद मामा. आता नो मॅन्स स्काय हा गेम घ्या. इंग्लंडातली गिल्डफर्डची पंधराएक जणांची टीम, ऑगस्ट २०१६. अठरावर अठरा शून्यं इतके ग्रह, टीमचा म्होरक्या शॉन मरे मुलाखती देत फिरतोय, सगळं जग मागे लागलेलं. आला आणि लोक चवताळले. जाहिरातीत फसवणूक केली म्हणून तिकडच्या जाहिरात नियामकाकडे तक्रारी गेल्या, चौकशी झाली, त्यात कंपनी सुटली. मरे गप्प बसला आणि काम करत राहिला. पहिलं मोठं अपडेट त्याच नोव्हेंबरात, मित्रांबरोबर नीट खेळायची सोय जुलै २०१८ मध्ये, आणि त्यानंतर इतक्या वर्षांत एकाही अपडेटचा एक पैसा घेतलेला नाही. याला टाळ्या द्यायच्या नाहीत तर कशाला द्यायच्या? शिव्या देऊन कुठला गेम सुधारला, सांग.

म्हापशेकार:
शिव्या देऊनच सुधारला की! लोक गप्प बसले असते तर तो नोव्हेंबर उजाडला नसता. पहिल्या दिवशी दोन खेळाडू ठरवून एका ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसले नाहीत. भेटायची शक्यता कमी आहे, असं मरे मुलाखतींत सांगत होता. हा मित्रांबरोबर खेळायचा गेम नाही, हे स्पष्ट म्हणाला ते अगदी रिलीजच्या तोंडावर. हो म्हणायला लाजायचं नाही आणि नाही म्हणायला वेळेवर जीभ उचलायची नाही.

आणि नियामकाने सोडलं म्हणजे काय, तर ग्रह प्रत्येकाला वेगवेगळे लाभतात, जाहिरातीत दिसतं तसं गेममध्ये सापडू शकतं. कायद्याने ठीक. माझ्या मनाने नाही.

तरी एक फरक करतो. मरेला मी अर्धं माफ करतो, कारण ज्यांनी पहिल्या दिवशी घेतला त्यांच्याच पीएस४ वर ती दुरुस्ती आली. सायबरपंकला तेवढंही नाही. अँथम या गेमचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०१९ ला आला, नव्याने बांधून देतो म्हणाले, दोन वर्षांनी ते काम गुंडाळलं आणि १२ जानेवारी २०२६ ला सर्व्हरच बंद. डिस्क हातात आहे, खेळायला काही नाही. एकाचं पुनरागमन गाजतं तेव्हा असे किती मागे मातीत गेले ते कुणी मोजत नाही.

वाळपईची:
मध्येच तोंड घालते. मला २०१६ चाच नो मॅन्स स्काय आवडायचा.

हसू नका. आमच्याकडे तेव्हा पावसात नेट म्हणजे लागलं तर लागलं. मी एकही मुलाखत पाहिली नव्हती, ट्रेलरही नाही. चुलतभावाने डिस्क दिली, "भिकार आहे, ठेव तुलाच" म्हणून. बाहेर धो धो पाऊस, आणि आत मी एकटी कुठल्यातरी जांभळ्या गवताच्या ग्रहावर. कुणी बोलणारं नाही, करायला फारसं काही नाही. ग्रहाला नाव द्यायचं आणि पुढे जायचं. एका ग्रहाचं नाव मी आज्जीच्या नावावरून ठेवलं होतं. पुढे घरं बांधा, तळ उभारा, मित्र बोलवा असं एकेक आलं आणि तिथे चवथीच्या आदल्या दिवशीचा बाजार भरला. सुधारला असेल. माझा गेला.

ड्यूकचा जुना भक्त:
ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर. १९९७ ला जाहीर, २०११ ला आला. मध्ये माझं शिक्षण, नोकरी, लग्न आणि एक मुलगा झाला. चौघांपैकी एकानेही एवढी निराशा केली नाही.

पर्वरीची रात्रपाळी:
ड्यूकभक्त 😂

वाळपईच्या ताईंचं मला पटतं आणि पटत नाही. अपेक्षा नसली की सगळंच गोड, पण विकणारा अपेक्षेचेच पैसे घेतो ना? १९८२ चा अटारी कंपनीचा ईटी हा गेम बघा. सिनेमा गाजला म्हणून नाताळला बाजारात आणायचा ठरला, एका प्रोग्रामरला पाच आठवडे दिले. खेळताना पोरं गेममधल्या खड्ड्यात पडायची आणि वर येता येत नसे. न खपलेल्या कार्ट्रिज न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोला पुरल्या आणि २०१४ मध्ये लोकांनी त्या उकरून काढल्या. तेव्हापासून नाताळ तोच आहे, फक्त आता पुरावं लागत नाही, पॅच देता येतो. खरं तर हीच गोची आहे. दुरुस्त करता येतं म्हणून अर्धवट सोडता येतं.

मला विचाराल तर सगळ्यात सरळ वागणं सोनीच्या काँकॉर्ड या गेमचं. २३ ऑगस्ट २०२४ ला आला, कुणी खेळेना, ६ सप्टेंबरला बंद केला आणि सगळ्यांचे पैसे परत. लोक त्यालाच सगळ्यात जास्त हसतात.

फोंड्याचो:
पैसे परत केले आणि पुढे तो स्टुडिओच बंद केला. बनवणारे घरी बसले. तुझ्याच टेस्टर बहिणी. हे सरळ?

पर्वरीची रात्रपाळी:
नाही. ते विसरले होते मी. ते वाक्य मागे घेते.

चोर्ल्याचा ट्रेकर:
विषय सोडून: अनचार्टेड लॉस्ट लेगसी या गेममध्ये पश्चिम घाटात तासन् तास जीप फिरवली, चिखलात लोळलो, एक जळू लागली नाही. याला अपेक्षाभंग म्हणतात.

डिचोलीचो मावसभाऊ:
तो मावसभाऊ मीच. नाव न घेता बदनामी चालली आहे म्हणून खातं उघडलं.

भाई, तू अर्धंच सांगतोस. तुझी जी पीएस४ ची डिस्क आहे, ती पीएस५ मध्ये घातली की पीएस५ ची आवृत्ती फुकट मिळते, फेब्रुवारी २०२२ पासून. २.० सकट. म्हणजे दुसऱ्या पंगतीचं पान तुझ्यासाठी मांडलेलं आहे, तूच रुसून ओसरीवर बसलायस.

म्हापशेकार:
पान फुकट आणि पाट पन्नास हजारांचा! ते पीएस५ कोण देणार, सीडी प्रोजेक्ट?

डिचोलीचो मावसभाऊ:
माझं आहे ना. डिस्क घेऊन ये. आयतवारी ये, आई पण विचारत होती.

फोंड्याचो:
आणि जीटीए सिक्स या गेमचं काय ते इथेच सांगून टाक. तारीख दोनदा पुढे गेलीय, आता १९ नोव्हेंबर २०२६ म्हणतात. आगाऊ बुकिंग करणार की नाही? मी करणार. आणि फसलो तर तुझ्याच धाग्यावर येऊन रडणार.

म्हापशेकार:
मी नाही करणार. तू दोन दिवस खेळून फोन कर, रात्री एक वाजता केलास तरी चालेल.

भाई, एक अडचण आहे. आत्ता शोधलं तर डेटा डिस्क डब्यात आहे, प्ले डिस्क नाही. बाबांना विचारलं. गेल्या वर्षी त्यांनी ती मिरचीच्या वाफ्यावर पाखरं हाकलायला टांगलीय. अजून फिरतेय.

डिचोलीचो मावसभाऊ:
काढ, मऊ कपड्याने पूस. मधून कडेकडे पूस, गोल नको. आणि बाबांसाठी मी एक जुनी भजनांची सीडी देतो, ती टांग म्हणावं.