बेंबीजवळ सुरू झालेले दुखणे उजव्या ओटीपोटात उतरले आहे : सकाळपर्यंत थांबावे का?

पारिजात (प्रश्न)

माझी नणंद 22 वर्षांची असून अविवाहित आहे. काल दुपारी जेवणानंतर तिच्या बेंबीभोवती दुखू लागले, रात्री एक उलटी झाली आणि आज सकाळपासून दुखणे ओटीपोटाच्या उजव्या बाजूला येऊन थांबले आहे. ताप 100 च्या आसपास आहे आणि कालपासून तिने अन्नाला तोंड लावलेले नाही. सासूबाईंना हा वायगोळा वाटतो, म्हणून ओवा आणि हिंग देऊन झाले. आता बेंबी सरकली असावी असे म्हणून पोट चोळणाऱ्या बाईंना बोलावण्याचे चालले आहे. पाळी आठवडाभर लांबली आहे, पण ती तिची नेहमीच मागेपुढे होते. आजची रात्र काढून उद्या दवाखान्यात नेले तर चालेल का?

एक शल्यचिकित्सक

लेखी वर्णनावरून निदान करता येत नाही, परंतु थांबू नये एवढे मात्र निश्चित सांगता येते. आत्ताच, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. आधी बेंबीभोवती मोघम दुखणे, मग अन्नावरची वासना उडणे, उलटी होणे आणि काही तासांनी वेदना उजवीकडे खाली एका जागी स्थिरावणे, हा अपेंडिक्सला सूज आल्याचा ओळखीचा क्रम आहे, जरी प्रत्येक रुग्णात तो असा सरळ दिसत नसला तरी. आतड्याकडून येणाऱ्या नसा वेदनेची नेमकी जागा सांगू शकत नाहीत, म्हणून सुरुवातीला बेंबीपाशी दुखते. सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचली की रुग्ण जागा बोटाने दाखवू लागतो. खोकताना किंवा रिक्षा खड्ड्यातून जाताना कळ येत असेल, तर ते त्या अस्तराला सूज आल्याचे लक्षण असू शकते.

पोट मुळीच चोळू देऊ नका, आणि जुलाबाचे औषध, एरंडेल किंवा एनिमा देऊ नका. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्यामुळे आता काही खायला देऊ नये. वेदना अचानक थांबली तरी निघणे रद्द करू नका, कारण अपेंडिक्स फुटल्यावर आतला ताण कमी होऊन काही काळ फसवा आराम वाटतो. मुतखड्याचा रुग्ण बहुधा तळमळत कूस बदलत राहतो, तर पोटाच्या अस्तराला सूज आलेला रुग्ण हालचाल टाळून निपचित पडून राहतो. नणंदबाई कशा पडून आहेत, हेही तिथल्या डॉक्टरांना सांगा.

एक स्त्रीरोगतज्ज्ञ

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु पाळी लांबल्याचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे आणि माझे लक्ष तिथेच थांबले. पाळी येण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीला ओटीपोटात दुखू लागले की लघवीची गर्भचाचणी करावी लागते, मग ती विवाहित असो वा नसो. यात तिच्या वागणुकीविषयी कोणताही निष्कर्ष नसतो. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत रुजला आणि नलिका फुटली, तर पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत जीव धोक्यात येतो. चक्कर येणे, घाम फुटून अंग गार पडणे किंवा खांद्याच्या टोकाला दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर 108 ला फोन करा. बीजकोशावरची गाठ पिळवटली गेल्यानेही असेच एका बाजूला दुखते आणि उलट्या होतात. त्यात उशीर झाला तर बीजकोश गमवावा लागू शकतो.

माझी कळकळीची विनंती अशी की, तपासणीच्या वेळी घरातल्या सगळ्यांनी थोडा वेळ बाहेर थांबावे. आईसमोर हा प्रश्न विचारला गेला की मुली बहुतेक वेळा मान हलवून ‘नाही’ म्हणतात, आणि त्या एका उत्तरामुळे उपचाराची दिशा चुकू शकते.

अंगण

मी डॉक्टर नाही, 13 वर्षांच्या मुलाचा बाप आहे. मागच्या वर्षी पहाटे तो ‘पोटात दुखते’ एवढेच सांगत होता आणि आम्ही दोन तास ओव्याचे पाणी देत बसलो. खरे दुखणे अंडकोशात होते, पण आईसमोर ते सांगायला तो लाजला. अंडाला पीळ बसला होता. साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर अंड वाचण्याची शक्यता चांगली असते, हे आम्हाला शस्त्रक्रियेनंतर कळले. त्याचे वाचले. मुलगा पोट धरून बसला असेल, तर बापाने त्याला एकट्याला खोलीत नेऊन स्पष्ट विचारावे.

पारिजात

काल तासाभरात आम्ही निघालो. डॉक्टरांनी नणंदेशी एकटीशी बोलून चाचणी केली. ती नकारात्मक आली. सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेले दिसले आणि रात्रीच दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. ते फुटलेले नव्हते. आज ती थोडी चालली.

आणखी एक विचारायचे आहे. दवाखान्यात बसल्या बसल्या सासूबाई मला म्हणाल्या की, गेले तीन महिने त्यांचे ओटीपोट जड वाटते, दोन घास खाल्ले की पोट भरते आणि लघवीला वारंवार जावे लागते. त्या 58 वर्षांच्या आहेत, पाळी जाऊन आठ वर्षे झाली आहेत. हे त्यांनी आजवर घरात कोणालाच सांगितले नव्हते.

एक स्त्रीरोगतज्ज्ञ

त्यांना याच आठवड्यात दाखवा. कारण साधेही असू शकते, परंतु पाळी गेल्यानंतर ही तक्रार आठवडेन् आठवडे टिकली, तर बीजकोशाची गाठ किंवा कर्करोग नाही ना, हे ओटीपोटाची सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी करून पाहावेच लागते. पाळी गेल्यानंतर कधी डाग लागला होता का, हे तपासणीला जाण्यापूर्वी त्यांना तुम्हीच विचारा. तुमच्याजवळ त्या बोलल्या आहेत.