सभेत गोंधळ घालणाऱ्या सभासदाला बाहेर काढण्याचा अधिकार अध्यक्षांना असावा का?

रामबागेतील सभासद:
इंदूरच्या एका जुन्या मराठी संस्थेचा मी बावीस वर्षे सभासद आहे, आणि यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जे घडले त्याने व्यथित होऊन हे लिहीत आहे. हिशेबाचा विषय निघताच एक सभासद व्यासपीठावर चढले, कोषाध्यक्षांच्या हातातला माईक त्यांनी ओढून घेतला आणि पुढची चाळीस मिनिटे ते एकटेच बोलत राहिले. अध्यक्ष घंटी वाजवत होते आणि मागच्या रांगा रिकाम्या होत होत्या. छताच्या दुरुस्तीचा ठराव विषयपत्रिकेत सातवा होता, तो आलाच नाही. पावसाळाभर वाचनालयाची कपाटे प्लास्टिकने झाकून ठेवावी लागली, तरीही खालच्या फळीवरचे दिवाळी अंक भिजून फुगले.

अशा सभासदाला त्या दिवसापुरते सभागृहाबाहेर जाण्यास सांगण्याचा अधिकार नियमावलीने अध्यक्षांना स्पष्टपणे द्यावा, असे माझे मत आहे. लोकसभेच्या नियम ३७३ प्रमाणे अध्यक्ष बेशिस्त सदस्याला त्या दिवसाच्या बैठकीपुरते बाहेर पाठवू शकतात. त्याहून अधिक काळाच्या निलंबनासाठी मात्र नियम ३७४ प्रमाणे सभागृहापुढे प्रस्ताव मांडावा लागतो. त्या दिवसाची शिस्त अध्यक्षांकडे आणि सभासदत्वाचा निर्णय सभेकडे, ही विभागणी मला योग्य वाटते.

निवृत्त लेखापाल, सुदामानगर:
आपली तळमळ मला मान्य आहे, परंतु आपण गोष्ट मधूनच सांगितलीत. त्याच सभासदांनी सभेच्या चार महिने आधी इमारत निधीची व्हाउचरे पाहायला मिळावीत असे पत्र दिले होते, दोनदा स्मरणपत्रेही दिली होती, आणि त्यांना एका ओळीचेही उत्तर मिळाले नाही. ताळेबंद आपल्या सर्वांच्या हाती पडला तो सभेच्या दिवशी, दारात, चहाच्या कुपनासोबत. त्यात ‘इतर खर्च’ या एकाच ओळीत छपाई, प्रवास आणि मांडव एकत्र केलेले होते. माणूस आरडाओरडा करतो तेव्हा त्याच्याआधी किती दरवाजे बंद झाले होते, हे पाहायला नको का?

लोकसभेचे उदाहरण आपण दिलेत, तर ते पुरते पाहावे. २००१ मध्ये तेथे नियम ३७४ अ आला, आणि त्यानुसार अध्यक्षांनी नाव घेताच सदस्य सलग पाच बैठका किंवा उरलेले अधिवेशन, यांपैकी जे कमी असेल तितक्या काळासाठी आपोआप निलंबित होतो. आपण सांगता ती विभागणी तेथेही टिकली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले, ते सभागृहाच्या नियमांचाच आधार घेऊन. हातात आलेला अधिकार ज्यांचे बहुमत त्यांच्या सोयीने वापरला जातो, आणि आपल्या संस्थेत तर तीच मंडळी वर्षानुवर्षे निवडून येतात.

लोकमान्यनगरमधील सभासद:
दोघांच्याही लिखाणात आम्ही मागे बसलेल्या बायका नाही आहोत. त्या दिवशी मी दोनदा हात वर केला होता, कारण बालवर्गाच्या खोलीतल्या पंख्याबद्दल मला विचारायचे होते. माझ्यापर्यंत माईक आला नाही, आणि तो एकट्या त्या सभासदांमुळेच आला नाही असेही नाही. अध्यक्षांचे प्रास्ताविकच पंचवीस मिनिटे चालले होते. अमेरिकेत १८७६ साली निघालेल्या रॉबर्ट यांच्या सभानियमांत एका प्रश्नावर एका सदस्याला त्या दिवशी दोनच वेळा आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटे बोलता येते, शिवाय जो एकदाही बोललेला नाही त्याला आधी संधी मिळते. आपल्याकडे दहाऐवजी चार मिनिटे ठेवावीत आणि तो नियम व्यासपीठावरच्यांनाही लागू करावा.

रामबागेतील सभासद:
ताईंची सूचना मला पूर्ण मान्य आहे. लेखापाल साहेबांचेही म्हणणे खरे आहे: हिशेब निदान पंधरा दिवस आधी घरपोच मिळायला हवेत आणि लेखी प्रश्नाला सभेपूर्वी लेखी उत्तर मिळायला हवे. परंतु पत्राला उत्तर आले नाही म्हणून दुसऱ्याच्या हातातला माईक ओढण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही. सभासदत्व काढण्याची गोष्ट मी करतच नाही. टी. पी. डॅव्हर विरुद्ध लॉज व्हिक्टोरिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की सभासदाला काढायचे तर संस्थेच्या नियमांप्रमाणे, सद्भावनेने आणि त्याला बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊनच काढता येते. मी मागतो आहे ते इतकेच, की दोनदा समज देऊनही न थांबणाऱ्याला त्या संध्याकाळपुरते थांबवता यावे. त्याची वेळ आणि कारण इतिवृत्तात नोंदवावे, आणि त्याचे मत देण्याचा हक्क कायम राहावा.

निवृत्त लेखापाल, सुदामानगर:
बाहेर गेलेला माणूस मत कसे देणार, हे आधी ठरवावे लागेल. आणि त्याला बाहेर नेणार कोण? लोकसभेत मार्शल असतात. आपल्याकडे चहा करणारे वयस्कर काका आहेत, आणि ते सभासद त्यांच्याच गल्लीत राहतात. धक्काबुक्की झाली तर पोलिसांत जाण्याची वेळ येईल. त्यापेक्षा सभा पंधरा मिनिटे तहकूब करावी. माईक बंद झाला आणि समोर ऐकणारे उरले नाहीत, की आवाज पुष्कळ खाली येतो.

तरीही आपला ठराव येणारच असेल, तर त्यात एक कलम घालावे: हिशेबाच्या विषयापुरते अध्यक्षांनी आसन सोडावे आणि कार्यकारिणीत नसलेल्या एखाद्या ज्येष्ठ सभासदाने ते घ्यावे. ज्यांना प्रश्न विचारायचा, त्यांच्याच हाती दाराची कडी नसावी. हे कलम घातलेत, तर त्या ठरावाला अनुमोदन मी देईन.