पहिली सिंगल माल्ट: निवडायची कशी, ठेवायची कशी?

गंगापूररोडकर: आजवर ब्लेंडेड (अनेक व्हिस्क्या मिसळलेली) व्हिस्कीच, तीही सोडा घालून. आता सिंगल माल्ट घ्यायची आहे. लेबलवर काय बघू? आपल्याकडच्या वाईनसारखी बाटली आडवी ठेवायची का?

पाथर्डीफाटा: आडवी अजिबात नको! वाईनचं बूच ओलं राहावं म्हणून ती आडवी ठेवतात. इथे ४० टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल बूच खातं, मग त्याचा चुरा व्हिस्कीत पडतो. अंधाऱ्या कपाटात उभी ठेवा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच. बाटली पाव उरली की लहान बाटलीत काठोकाठ भरा, नाहीतर हवेने चव मरते.

माल्टवेडा: माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली (जव). सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीची, एकाच पिंपातली नव्हे. लेबलवरचे १२ वर्षं हे आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं वय. सुरुवातीला ग्लेनलिव्हेट १२ किंवा ग्लेनफिडिक १२ घ्या, फळांकडे झुकणारी. स्कॉटलंडच्या आयला (Islay) बेटावरची लॅफ्रोएग १० पीटच्या (दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींचं जळण) धुराची, आयोडिनसारख्या वासाची. पहिलीच ती घेतली तर काही जण दुरावतात, आणि ते फार वाईट वाटतं.

गंगापूररोडकर: आणि पाणी? बर्फ?

माल्टवेडा: निमुळत्या तोंडाच्या ग्लासात ३० मिली. तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, नाक आत खुपसू नका, झोंबतं. आधी कोरा घोट, मग अर्धा चमचा साधं पाणी. नळाचं नको, क्लोरीन लगेच कळतं. बर्फाने वास दबतो. ४६ टक्क्यांची, चिल-फिल्टर (थंड करून गाळणं) न केलेली असेल तर पाण्याने गढूळ दिसेल. ती खराब नाही.