मदत हवी आहे: ट्रोलिंगमध्ये क्रँकबेट हव्या त्या खोलीवर कसा ठेवायचा? (शापोरा नदी, गोवा)

खाडीतला_पाहुणा:
नमस्कार मंडळी. शिवोली-चोपडे पुलाच्या वरच्या अंगाला चोणक माशासाठी ट्रोलिंग करतो, म्हणजे चालत्या होडीमागे लूर ओढत नेतो. छोटी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन. लूर (खोटं आमिष) म्हणजे १२ सेंटीमीटरचा तरंगता क्रँकबेट, माशाच्या आकाराचा, पुढे त्याला पाण्यात खाली नेणारी लांब जीभ, डब्यावर ‘३ ते ४ मीटर’ छापलेलं. ३० पौंडी ब्रेड (विणलेला दोरा), लूरजवळ ५० पौंडी लीडर (जाड दोऱ्याचा तुकडा).

अडचण अशी की पाणी साडेतीन-चार मीटर, खाली खडप, म्हणजे खडकाळ तळ. भरतीबरोबर वर जाताना लूर तळाला लागतच नाही, रॉडचं टोक गप्प. वळून त्याच पट्ट्यातून भरतीच्या उलट आलो की तोच लूर टकटक करत खडपावर आपटतो आणि अडकतो. मोबाइलवर वेग दोन्ही वेळा ताशी ४ किलोमीटर, दोराही तेवढाच. वेग वाढवून बघितला तर आडवा होऊन पाण्यावर येतो. होडीवाले काका म्हणतात, हे खेळणं ठेव आणि जिवंत कोळंबी लाव. तो सल्ला सोडून काहीही चालेल.

सुकतीचं_पाणी:
मोबाइल जमिनीवरचा वेग दाखवतो. लूरला त्याच्याशी काय देणंघेणं? पाण्याची ओढ ताशी ३ किलोमीटर धरा. तिच्याबरोबर ४ ने गेलात तर लूरच्या अंगावरून पाणी जेमतेम १ ने जातं, जीभ पाणी धरतच नाही. उलट आलात की तेच ७ होतं. म्हणून मोबाइल खिशात ठेवा आणि रॉडच्या टोकाकडे बघा. एकसारखी थरथर दोन्ही दिशांना सारखी दिसेल इतकं इंजिन ठेवायचं. प्रवाहाबरोबर जास्त, उलट कमी. थरथर सुरू झाल्यावर वेग आणखी वाढवून खोली फारशी मिळत नाही.

खोली खरी ठरते ती सोडलेल्या दोऱ्यावर आणि त्याच्या जाडीवर. बारीक दोरा पाणी कापतो, जाड दोरा लूरला वर ओढून धरतो. पहिल्या २५-३० मीटरमध्ये लूर भराभर खाली जातो, पुढे प्रत्येक मीटरला फायदा कमी होत जातो आणि शेवटी दोऱ्याचाच अडसर होतो. डब्यावरचा आकडा कुठल्या दोऱ्यावर, किती लांबीवर काढलाय हे बहुतेक वेळा छापलेलंच नसतं, तेव्हा तो अंदाज समजा.

वजनदार_माणूस:
एवढा हिशेब कशाला? लूरच्या मीटरभर पुढे शिसं लावा, थेट तळ.

सुकतीचं_पाणी:
वाळूवर चालेल, खडपावर नको. तरंगत्या लूरचा मोठा गुण हा की जीभ दगडाला लागली की दोरा ढिला सोडायचा, लूर आपोआप मागे सरकून वर येतो. शिसं लावलं की तो गुण गेला. वर त्या दगडांना कालवं चिकटलेली असतात, ब्रेड घासली की संपली.

खाडीतला_पाहुणा:
पटलं. पण नेमका किती दोरा सोडायचा हे कसं काढू? आणि तो आडवा होण्याचा प्रकार?

सुकतीचं_पाणी:
भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा), पाणी थांबतं त्या वेळी, खाली वाळू आहे अशा पट्ट्यात जा. ब्रेडवर दर ५ मीटरला मार्करने खूण करून ठेवा. एकाच वेगाने चालत ५-५ मीटर सोडत जायचं. थरथरीत मध्येच खरखर आली की जीभ तळाला लागली. तिथली खोली आणि सोडलेला दोरा लिहून ठेवा, मग दुसऱ्या खोलीवर तेच. प्रत्येक लूरचा आकडा वेगळा. फिशफाइंडर त्या क्षणाची खोली दाखवतो, पण खडपाची खूण म्हणून मनात ठेवलेला आकडा भरती-ओहोटीने बदलतो. उधाणाला इथे दोनेक मीटरचा फरक पडतो. खडपावर लूर दगडाच्या हातभर वर राहिला तरी पुरे, चोणक खालून वर येऊन घेतो.

आडवा होण्याचं म्हणाल तर होडीशेजारी, हातभर दोऱ्यावर, लूर पाण्यातून ओढून बघा. उजवीकडे पळत असेल तर नाकावरची कडी पकडीने केसभर डावीकडे वळवा. केसभरच, जास्त वळवलीत तर दुसऱ्या बाजूला पळेल. सरळ चालत असूनही जोरात आडवा होत असेल तर तो त्या लूरच्या वेगाचा शेवट, तिथे काही करता येत नाही.

वजनदार_माणूस:
खोली जास्त होत असेल तर रॉडचं टोक उंच धरूनही थोडा वर येतो. आणि जाळ्यांच्या बोयांपासून लांब राहा, तिथे लूर अडकला तर कडी वळवून भागणार नाही.