तीन पावसाळे उभी असलेली बोलेरो पिकअप घरीच पुन्हा चालती करायची आहे: कामाचा क्रम काय ठेवू?

खाडीकाठ (गुहागर तालुका)

महिंद्राची २००५ ची बोलेरो पिकअप. २५२३ सीसीचं डीआय इंजिन, मागे कमानपाटे, टायर २१५/७५ आर१५. तीन पावसाळे पत्र्याच्या शेडखाली उभी आहे आणि शेडपासून खाडी हाकेच्या अंतरावर.

आजची अवस्था अशी: हौद्याचा पत्रा मागच्या चाकांवर आरपार गेलाय. ड्रायव्हरच्या पायाखालची फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने दाबली की आत जाते. मागचे कमानपाटे जिथे टांगलेले असतात त्या हँगरजवळ चासीला (खालच्या लोखंडी सांगाड्याला) पापुद्रे सुटलेत. इंजिन पुलीच्या नटाला पाना लावून थोडं हलतं, पूर्ण फेरा घेत नाही. ब्रेक पेडल तळाला जातं. पिवळी पाटी, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) संपलेलं.

माझ्याकडे चार इंची ग्राइंडर, छोटं मिग वेल्डिंग, २ एचपीचा कॉम्प्रेसर आणि पान्यांचा पूर्ण सेट आहे. डोक्यात असं आहे: मॅट ऑलिव्ह ग्रीन रंग, २३५/७५ टायर, मागे एकेक पाटा जास्त, पुढे गार्ड, हौद्यावर कॅनॉपी. रंगाचा डबा घेऊन ठेवावा म्हणतो, कारण डीलरकडे तीच शेड शिल्लक आहे. आधी काय, मग काय?

पासिंगची_वही

डबा घेऊ नका. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२१ वा नियम वाचा. दुसरा कुठलाही रंग चालेल, पण तो आरसीवर चढवून घ्यावा लागतो, नाहीतर पासिंगला इन्स्पेक्टर आरसी हातात धरून गाडीकडे बघतो आणि परत पाठवतो.

पुढचा लोखंडी गार्डही यादीतून काढा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलंय. कॅनॉपीचं जरा वेगळं आहे. ताडपत्रीचा सांगाडा, जो चार बोल्ट काढले की उतरतो, त्याला सहसा कुणी हरकत घेत नाही. हौद्याला वेल्ड केलेली बंद केबिन म्हणजे बॉडीचा प्रकार बदलला. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या दोन्हींचा रोख एकच: कंपनीने ज्या नोंदींवर गाडी मंजूर करून घेतली, त्यांच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. म्हणून आधी आरटीओत विचारा, मग अँगल कापा.

आणि सगळ्यात आधी, म्हणजे पाना हातात घेण्याआधी, परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून थकलेला कर, पर्यावरण कर, चलनं आणि बँकेचा बोजा बघा. बोजा उतरलेला नसेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा अर्ज). १५ वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांच्या पासिंगची फी आता पूर्वीसारखी किरकोळ राहिलेली नाही आणि पासिंग दरवर्षी आहे. ही बेरीज गाडीच्या किमतीच्या पुढे जात असेल तर ते आजच कळलेलं बरं. शिवाय एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरची) पाटी लागेल, २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची आहे.

चासी नंबर चासीवरच ठोकलेला असतो. तिथे ग्राइंडर, वायर ब्रश, सँडब्लास्ट काहीही लावायचं नाही. केरोसीनने पुसा, कागद ठेवून पेन्सिलीने नंबरचं ट्रेसिंग काढून ठेवा, वर ग्रीस आणि टेप. पुसट झालेला नंबर पुन्हा ठोकायचा तर आरटीओची परवानगी लागते, आणि तो फेरा फार लांबतो.

दहाबाराचा_पाना

वहीदादांनी कागद सांगितले, मी इंजिन आणि ब्रेक सांगतो.

इंजिन थोडं हलतंय म्हणजे पूर्ण धरलेलं नाही. स्टार्टर मारू नका, ढकलस्टार्ट तर नाहीच. चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढा. नोझल बसलेल्या जागी गंज असतो, म्हणून आदल्या दिवशी पेनिट्रंट (गंज सोडवणारं तेल) सोडून ठेवा आणि काढताना फिरवत फिरवत वर घ्या, टॉमीने उचकटू नका. प्रत्येक सिलिंडरमध्ये १० ते १५ मिली इंजिन ऑइल आणि थोडं डिझेल सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी लांब पान्याने पुढे-मागे, पुढे-मागे. एका जागी कडक थांबत असेल तर रिंगेजवळ लायनरला गंज असतो, तो हळूहळू सुटतो. जोर लावून फेरा पूर्ण केलात तर रिंग तुटते. टॅपेट कव्हर उघडून सगळे व्हॉल्व्ह खाली-वर होतात का तेही बघा. अडकलेला व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन भेटले की पुशरॉड वाकतो.

नोझल काढलेले असताना स्टार्टरवर फिरवा, वरचं तेल बाहेर उडू द्या, तोंड दूर ठेवा. मग कॉम्प्रेशन गेज लावा. २५ बारच्या आसपास किंवा वर आणि चौघांत ३ बारहून जास्त फरक नाही, तर हेड उघडायची गरज नाही. एकच सिलिंडर खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा: आकडा चढला तर दोष रिंगेचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा.

टाकीतलं डिझेल फेकायचंच. टाकी उतरवा. कोकणच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून घामेजते, तळाला पाणी आणि त्यावर काळा चिकटा. नोझल आणि पंप डिझेल पंपवाल्याकडे टेस्टला द्या, हे घरी होत नाही. नोझलखालचे तांब्याचे वॉशर नवे. फिल्टर नवे, रबरी डिझेल पाइपही नवे. पाइप वरून ठीक दिसतो पण रिटर्न लाइनला बारीक चीर असली की उभ्या गाडीत एअर धरते आणि रोज सकाळी सेल्फ खेचत बसावं लागतं. एअर काढताना फिल्टर हेडचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, फेस थांबला की आवळा. मग नोझलकडचे दोन पाइप नट सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. त्या वेळी हात दूर. नोझलचा फवारा कातडीत घुसला तर जखम टाचणीएवढी दिसते, पण ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं.

पहिल्या स्टार्टला एअर फिल्टरचा पाइप काढून ठेवा आणि हातात सपाट लाकडी फळी घेऊन एक माणूस उभा करा. पंपातला भाग जुन्या डिझेलच्या चिकट्याने फुल रेसवर अडकला असेल तर चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. फळी इनटेकवर दाबली की हवा तुटते आणि बंद पडतं. हाताचा पंजा किंवा कापड लावू नका, ओढून घेतं.

ऑइल १५डब्ल्यू-४०. पहिलं स्वस्तातलं भरा, २० ते ३० मिनिटं चालवून गरम असतानाच काढा, फिल्टरसकट बदला. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या आणि ब्लॉकचे कोअर प्लग (पाण्याच्या पोकळ्या बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) तपासा. विहिरीचं पाणी भरत असाल तर ते आतून गंजलेले असणार. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका, इंजिन थंड राहून ऑइलमध्ये डिझेल मिसळत राहतं.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असेल. पेडल दाबून काठीने रात्रभर टेकवून ठेवा, बऱ्याचदा तेवढ्यावर सुटते.

ब्रेक: पेडल तळाला म्हणजे मास्टर सिलिंडर गेला किंवा व्हील सिलिंडर गळतोय, बहुतेक दोन्ही. व्हील सिलिंडरच्या आत नखाला खड्डा लागला तर किट टाकून पैसे घालवू नका, सिलिंडरच नवा घ्या. लोखंडी ब्रेक पाइप चासीच्या क्लिपखाली गंजतो, वरून कळत नाही. सगळे बदला. ४.७५ मिमीचा स्टीलचा ब्रेक पाइप, टोकाला डबल फ्लेअर (दुहेरी दुमडलेली कड). फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप कितीही सोपा वाटला तरी ब्रेकला नको, दाब आणि थरथर मिळून तो फ्लेअरपाशी चिरतो. एअर लांबच्या चाकापासून काढायची: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ब्रेक धरत नाहीत तोवर गाडी अंगणातसुद्धा हलवायची नाही.

खाडीकाठ

ऑलिव्ह ग्रीनचं कळलं, आभार! डबा घेतला नव्हता. चासीच्या पापुद्र्यांवर सरळ ५ मिमीची पट्टी मारू का? आणि रंग गणपतीआधी उरकता येईल?

पत्राकाम

पट्टी मारायच्या आधी हातोडी. पापुद्रे खरवडून बॉल पेन हातोडीने हँगरपासून पुढे दर दोन इंचांवर ठोका. टणक वाजलं तर लोखंड शाबूत, बद्द वाजलं तर आतून गेलंय. व्हर्नियरने चांगल्या जागेची आणि खराब जागेची जाडी मोजा. पाव हिस्सा गेला असेल तर साफ करून, झिंक प्राइमर मारून पुढे चला. निम्मी गेली असेल किंवा हँगरच्या रिव्हेटभोवती भोकं लांबट झाली असतील तर तो तुकडा कापून नवा घालायचा. हे काम चासीच्या माणसाकडून करून घ्या, कारण मागचा ॲक्सल सरळ राहणं त्यावर अवलंबून आहे. दोन्ही बाजूंचं हँगर ते पुढच्या क्रॉस मेंबरचं तिरकं माप कापायच्या आधी लिहून ठेवा.

पट्टीची जाडी चासीएवढीच. जास्त जाड पट्टी ताठ राहते आणि तिच्या कडेला चासी तुटते. म्हणून पट्टीची टोकं चौकोनी नकोत, शंकरपाळ्यासारखी निमुळती हवीत, म्हणजे वेल्ड उभ्या सरळ रेषेत येत नाही. चासीच्या वरच्या-खालच्या पट्ट्यावर आडवा वेल्ड कधीही नाही, सगळा ताण तिथेच असतो. तडा असेल तर त्याच्या टोकाला ३ ते ४ मिमीचं भोक पाडा, मग व्ही आकाराची खाच काढून वेल्डने भरा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा आणि अल्टरनेटरचं सॉकेट काढा, अर्थ क्लॅम्प कामाच्या जागेशेजारीच. क्लॅम्प लांब लावला की करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर डाग पडतात. डिझेल टाकी उतरवलेली असली पाहिजे, हे वेगळं सांगत नाही.

फ्लोअर कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरका अँगल टॅक करा (तात्पुरत्या टाक्यांनी जोडा). नाहीतर केबिन दोन-चार मिलिमीटर बसते आणि नंतर दार लागत नाही, बिजागरी कितीही फिरवा. पत्रा १८ गेजचा सीआर (जस्त नसलेला साधा), म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा घेऊ नका, वेल्डिंगला जस्ताचा धूर येतो आणि रात्री हुडहुडी भरते. कुजलेल्याच्या पुढे निदान एक इंच चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापा. पॅचचे कोपरे गोल. वेल्डिंगची ०.८ मिमीची तार, एका वेळी २० मिमीचा टाका, मग दुसऱ्या टोकाला जा. सलग ओढलीत तर पत्रा पापडासारखा वळतो. जिथे मूळ स्पॉट वेल्ड होते तिथे नव्या पत्र्याला ६ मिमीची भोकं दर ४० मिमीवर पाडून प्लग वेल्ड करा. आणि दरवाजाखालच्या पट्टीची पाणी जायची भोकं वेल्डने किंवा सीलंटने बुजवू नका. फ्लोअर कुजण्याचं मूळ कारण बहुधा तीच बुजलेली भोकं आणि वरून विंडशील्डच्या रबरातून येणारं पाणी. रबर न बदलता नवी फ्लोअर टाकली तर पुन्हा तेच.

रंग गणपतीआधी? नाही. तुमच्याकडे श्रावणात हवेत ९० टक्क्यांच्या घरात ओल असते. एपॉक्सी प्राइमरखाली ती अडकली की सहा महिन्यांत फोड. मधल्या काळात वेल्डिंग आणि एपॉक्सीचा एक हात उरकून ठेवा, तोही कोरडा दिवस बघून. साफ केलेलं उघडं लोखंड तुमच्या हवेत रात्रभर ठेवायचं नाही, सकाळी पिवळं पडलेलं असतं. रंगाचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

केबिनच्या पत्र्यावर सँडब्लास्ट नको, माऱ्याने लाटा येतात. चासीला चालेल. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) एपॉक्सीवर, २ ते ३ मिमीच्या वर नाही. खड्डा त्याहून खोल असेल तर डेंट काढायला शिका. ८०, १८०, ३२० असे पेपर, प्राइमरवर ६००. केबिन, हौदा, दारं आतून बाहेरून धरून रंग साडेतीन ते चार लिटर, एपॉक्सी ३ लिटर. गन १.३ किंवा १.४ नोझलची, कॉम्प्रेसरनंतर पाण्याचा ट्रॅप लावाच आणि टाकी रोज रिकामी करा. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी मास्क लावून मारू नका, तो दमा कायमचा लागतो. बाहेरून हवा देणारा मास्क मिळत नसेल तर शेवटचा रंग बूथवाल्याकडून मारून घ्या, पैसे तिथे घालवण्यासारखे आहेत.

मॅट रंग म्हणालात. हौस असेल तर मारा, पण मॅटला पॉलिश करता येत नाही. हौद्यावर ओरखडा आला की तो पूर्ण पॅनल पुन्हा.

दहाबाराचा_पाना

टायरचा हिशोब राहिला. २१५/७५ आर१५ चा व्यास ७०३.५ मिमी, २३५/७५ चा ७३३.५. म्हणजे गाडी १५ मिमी उंच होईल आणि मीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग १०४. चढाला पुलिंग तेवढंच कमी. पूर्ण स्टिअरिंगला टायर कुठे घासतो ते आधी एकच टायर मागून आणून बसवून बघा. टायरवरचा लोड इंडेक्स मूळ टायरच्या खाली नको, दिसायला दणकट एसयूव्ही टायर अनेकदा तिथेच मार खातात.

जास्तीच्या पाट्याबद्दल: मागच्या ॲक्सलजवळ ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आणि त्याची दांडी असेल तर बघून ठेवा. पाटा वाढला की चासी ॲक्सलपासून वर जाते, व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. मग भरलेल्या गाडीचा सगळा ब्रेक पुढच्या चाकांवर. दांडी नव्या उंचीला सेट करावी लागते. यू-बोल्ट नवेच, जुने ताणलेले असतात. ५०० किमीनंतर पुन्हा आवळा. शॅकलचे रबरी बुश गाडी चाकांवर उभी असतानाच कसा, जॅकवर कसले तर पिळलेले राहून फाटतात. मी तरी तो पाटा टाकणार नाही. रिकामी गाडी घाटरस्त्याला मागून उड्या मारेल.

हेडलाइटला ९०/१०० वॅटचे बल्ब लावून होल्डर वितळवू नका. ६०/५५ चेच ठेवा आणि बॅटरीवरून २.५ चौरस मिमीची तार, दोन ३० अँपिअरचे रिले, प्रत्येकाला १५ चा फ्यूज. बल्बपाशी लाइट चालू असताना मीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट असेल तर अर्थचा बोल्ट घासा. तुमच्या गाडीत दोष बहुधा अर्थलाच निघेल.

खालून काळं ऑइल मारून घ्या वर्षातून एकदा, कोकणात स्वस्तात तेच टिकतं.

पत्राकाम

पानाभाऊ, काळ्या ऑइलला माझा विरोध. बुश आणि ब्रेक होज फुगतात, धूळ धरते, अंगणात ओघळतं. चासीच्या बंद पोकळ्यांत मेण असलेलं रस्टप्रूफिंग नळीने आत मारा, बाहेरून एपॉक्सीवर चासी ब्लॅक. पावसाळा संपला की गोड्या पाण्याने खालून धुवा, एवढं पुरतं.

खाडीकाठ

पाटा रद्द. हौद्यात चेकर्ड प्लेट टाकायची होती, ३ मिमीची. तीही नको का?

पत्राकाम

तुमचा हौदा साधारण ४ चौरस मीटर धरला तर लोखंडी प्लेट १०० किलोच्या आसपास जाते, ती थेट भरण्याच्या क्षमतेतून वजा. ॲल्युमिनियमची ३५ किलोत होते. पण ॲल्युमिनियम थेट लोखंडावर ठेवलं आणि खारं पाणी मध्ये गेलं की ॲल्युमिनियमच लवकर झडतं. मध्ये ३ मिमीची रबर शीट, बोल्टला नायलॉनचे वॉशर आणि फाळक्याच्या बाजूला पाणी निघायला बोटभर जागा ठेवा.