मदत हवी आहे: डीटीपीसाठी सेकंडहँड डेस्कटॉप, ४थी जनरेशन (प्रोसेसरची पिढी) घेऊन वाढवत न्यावा का सरळ ८वी?

नमस्कार मंडळी, इथे हार्डवेअरमधले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतोय. कराडला माझं छोटं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्ड आणि अधूनमधून वाढदिवसाचे फ्लेक्स (डिझाइन आमचं, छपाई बाहेर). सध्याचं मशीन कोअर टू ड्युओ प्रोसेसरचं, जी३१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, विंडोज ७. पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) त्याच्यावर अजून मस्त चालतं हो, पण कोरलमधे (डिझाइनचं सॉफ्टवेअर) २० बाय १० चा फ्लेक्स उघडून खाली शुभेच्छुकांचे फोटो टाकायला लागलो की पंचविसाव्या फोटोला मशीन जे बसतं ते बसतंच, आणि गिऱ्हाईक शेजारी खुर्ची टाकून 'अजून किती वेळ' विचारत असतं. रॅम वाढवावी तर हा बोर्ड ४ च्या वर घेत नाही.

बजेट १५ हजार, ताणून १८. मॉनिटर (जुना, फक्त व्हीजीए केबल घेणारा), कीबोर्ड, यूपीएस आणि एचपी लेझरजेट १०२० प्रिंटर आहे. कोल्हापूरच्या एका दुकानदाराकडे कंपन्यांतून निघालेली मशीन येतात, त्याने तीन दाखवली. डेल ऑप्टिप्लेक्स ३०२० छोट्या कॅबिनेटचं, आय फाइव्ह ४५७० प्रोसेसर (४थी जनरेशन), ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कऐवजीची वेगवान डिस्क), साडेआठ हजार. दुसरं एचपी एलिटडेस्क ८०० जी३, आय फाइव्ह ६५०० (६वी), ८ जीबी, साडेबारा. तिसरं ऑप्टिप्लेक्स ३०६०, आय फाइव्ह ८५०० (८वी), ८ जीबी, २५६ ची एनव्हीएमई (आणखी वेगवान एसएसडी), साडेसतरा. त्याचं म्हणणं पहिलं घ्या, पुढे आय सेव्हन, १६ जीबी, ग्राफिक्स कार्ड सगळं हळूहळू टाकून देतो. ऐकायला बरं वाटतं पण खरंच होतं का असं? लग्नसराईच्या आत घ्यायचंय. फॉन्टचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर (परवान्याची पेनड्राइव्हसारखी चावी) आहे, ते नवीन विंडोजवर चालेल का तेही सांगा.

---

तिन्ही 'आय फाइव्ह'च आहेत असं नुसतं सांगून दुकानदार तुम्हाला गुंडाळत नाहीये एवढं तरी बरं, मॉडेल नंबर सांगितलेत त्याने. नाहीतर नुसतं आय फाइव्ह म्हणून आय फाइव्ह ६५० गळ्यात मारणारे पाहिलेत, तीन आकडी नंबर म्हणजे पहिली जनरेशन, ६५० वाचून माणसाला वाटतं सहावी!

---

लिनक्स टाका आणि सुखी व्हा. सध्याच्याच मशीनला एसएसडी लावा, कमी पैशात काम.

---

आणि कोरल? पेजमेकर? डोंगल? १०२० प्रिंटरला लिनक्सवर वेगळं प्लगइन घालावं लागतं ते सोडाच. डीटीपीवाल्याला लिनक्स सांगू नका राव.

---

जरा सविस्तर लिहितो, माझं रोजचं काम हेच आहे.

४५७० आणि ६५०० दोन्ही चार कोअर, दोन्हीचा टर्बो (जास्तीत जास्त वेग) ३.६ गिगाहर्ट्झ. कोरलसारखं सॉफ्टवेअर बराचसा वेळ एकाच कोअरवर काम करतं, त्यामुळे साडेआठ हजाराचं आणि साडेबाराचं मशीन शेजारी ठेवून फ्लेक्स उघडलात तर फरक जाणवेल पण चार हजारांचा नाही जाणवणार. ६५०० वाल्यात डीडीआर४ (डीडीआर३ च्या पुढची रॅम) आहे आणि एनव्हीएमईची जागा आहे हे खरं, पण विंडोज ११ ला अधिकृतपणे ८वी जनरेशन लागते, म्हणजे तिथे ६वी आणि ४थी एकाच रांगेत. आणि ६व्या-७व्या जनरेशनच्या बोर्डात ८वीचा प्रोसेसर चालत नाही, सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) दिसायला तेच ११५१ असलं तरी. त्यामुळे माझ्या मते मधलं मशीन ना धड स्वस्त ना धड पुढे नेण्यासारखं. एकतर पहिलं घ्या किंवा तिसरं.

आता पहिलं 'वाढवत न्यायचं' म्हणताय त्याचं गणित बघा. ३०२० ला रॅमचे स्लॉट दोनच, कमाल १६ जीबी. दुकानदाराने ४-४ च्या दोन काड्या लावल्या असतील तर १६ करताना दोन्ही काढून फेकाव्या लागतील, आणि ही डीडीआर३ पुढच्या कुठल्या मशीनला लागणार नाही. ग्राफिक्स कार्ड छोट्या कॅबिनेटमधे बुटकंच बसतं, तेही स्लॉटच्या ७५ वॉटमधे चालणारं, आणि तुमच्या कामाला त्याचा उपयोग जवळपास शून्य. मोठा पॉवर सप्लाय टाकू म्हणाल तर ह्या डेलमधे बोर्डाला नेहमीचा २४ पिनचा कनेक्टर नाही, ८ पिनचा आहे. आय सेव्हन ४७७० टाकता येतो, पण हे सगळं करून रक्कम तिसऱ्या, आय फाइव्ह ८५०० वाल्या मशीनच्या किमतीला जाऊन भिडते आणि हातात २०१३ चाच बोर्ड राहतो.

८५०० ला सहा कोअर आहेत, टर्बो ४.१. त्याच्यात ८ जीबीची एकच काडी मागा म्हणजे दुसरा स्लॉट मोकळा राहील. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढलेत, त्यामुळे जमलं तर सौदा करतानाच १६ करून घ्या.

---

वरच्यांशी निम्मा सहमत. माझ्याकडे ३०२० च आहे, टायपिंग, टॅली आणि फोटोशॉपचं किरकोळ काम, एसएसडी टाकल्यापासून तक्रार नाही. ज्याचं मशीन दिवसभर नेटला नसतं त्याला विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून काय आभाळ कोसळत नाही, घरगुती वापरासाठी जादा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेतच. नऊ हजार वाचवा आणि त्यात चांगला मॉनिटर घ्या, दिवसभर त्याच्याकडे बघायचंय तुम्हाला. रुफस नावाच्या टूलने विंडोज ११ पण बसतं म्हणे त्यावर.

---

बसतं, पण मोठं अपडेट आलं की पुन्हा हाताने खटपट. गिऱ्हाइकाच्या फाइली पेनड्राइव्हवर येतात ना ह्यांच्याकडे? ती पेनड्राइव्ह गावभर फिरून आलेली असते. धंद्याच्या मशीनवर अपडेट बंद असलेली विंडोज मी तरी ठेवणार नाही.

बाकी दुकानात गेलात की एवढं कराच: एसएसडी कुठल्या कंपनीची आहे बघा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून हेल्थ आणि किती तास चालली ते बघा. बायोसमधे (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधे) शिरून बघा, कंपनीतून आलेल्या मशीनला कधीकधी बायोस पासवर्ड तसाच असतो आणि मग नंतर बोंबलत बसावं लागतं. विंडोजच्या सेटिंगमधे अॅक्टिव्हेशनला डिजिटल लायसन्स दिसलं पाहिजे, दुकानदाराने क्रॅक मारलेला नको. प्रोसेसरची पेस्ट आणि बोर्डवरचा सीआर२०३२ सेल तिथेच बदलून मागा, किरकोळ गोष्ट आहे, नाही म्हणत नाहीत. आणि पक्कं बिल.

३०६० ला मागे डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय असतं, व्हीजीए असेलच असं नाही. तुमच्या मॉनिटरसाठी एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर त्याच्याकडूनच फुकटात काढा.

---

१०२० आमच्याकडे विंडोज ११ वर चालतोय, ६४ बिटचा ड्रायव्हर घातला की झालं. पेजमेकर ७ पण चालतं, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून रन करायचं. डोंगलचं मात्र फॉन्टवाल्या कंपनीला फोन करून विचारा, ६४ बिट ड्रायव्हर आहे का. हे आधी विचारा, मशीन नंतर घ्या.

---

सगळ्यांचे आभार. फॉन्टवाल्यांना फोन केला, ड्रायव्हर आहे म्हणाले, लिंक पाठवतायत. दुकानदाराशी बोललो, ८५०० वालं १६ जीबी करून साडेएकोणीसच्या खाली यायला तयार नाही, ८ ची एकच काडी ठेवून सतरा म्हणतोय, कन्व्हर्टर धरून. सध्या तेच घेतो बहुतेक, रॅम सीझनचे पैसे आले की. एक शेवटचं, जुन्या मशीनची ५०० जीबीची हार्ड डिस्क उचलून तशीच ह्यात लावली तर पत्रिकांच्या जुन्या फाइली दिसतील ना? का फॉरमॅट मागेल?

---

दिसतील, फॉरमॅट मागितलाच तर नाही म्हणा. बायोसमधे बूट ऑर्डरला एनव्हीएमई वर ठेवा नाहीतर जुनं विंडोज ७ उठायला बघेल. आणि ह्या डेलमधे हार्ड डिस्कची पॉवर सप्लायमधून नाही, बोर्डावरून येते, त्याची केबल आणि डिस्क बसवायचा ट्रे दोन्ही मशीनसोबत आहेत का ते दुकानात कॅबिनेट उघडून बघा, नंतर बाहेर शोधत बसावं लागेल. फाइली आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा, कोअर टू ड्युओच्या काळातली डिस्क आहे ती.